पोटाचा नकाशा व शिक्षकाचा निर्णय

(आरोग्यविषयक अभ्यासलेख : इयत्ता तिसरी ते सातवीच्या शिक्षकांसाठी)

मुंबईत मध्य रेल्वेने भायखळा सोडले की पुढचे स्थानक चिंचपोकळी. चिंचेच्या झाडांची खोलगट जागा, असा या नावाचा अर्थ सांगतात. झाडे गेली, गिरण्या आल्या. पुढे गिरण्याही गेल्या. परंतु जुन्या आर्थर रोडवरील, म्हणजे आजच्या साने गुरुजी मार्गावरील, साथीच्या रोगांचे रुग्णालय अद्याप तेथेच आहे. महानगरपालिकेच्या या रुग्णालयास आज कस्तुरबा रुग्णालय म्हणतात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा रुग्णांना येथे आणीत, आणि २०२० च्या मार्च महिन्यात कोविडचे पहिले रुग्णही येथेच ठेवण्यात आले. मात्र दर पावसाळ्यात येथे जी गर्दी होते ती बहुधा तापाची व पोटाची : अतिसार, पटकी, विषमज्वर, कावीळ.

तेथून उत्तरेस, करी रोडच्या पलीकडे परळ लागते. तेथे १९२६ पासून शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेले के. ई. एम. रुग्णालय आहे, जवळच १९२९ पासून बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय आहे. ज्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागते ते पोट गिरणगावातून येथे येते.

आता असे समजा की, एकाच चाळीतील दोन मुले पोट धरून रडत आहेत. ठोकळमानाने बोलावयाचे तर एकाची वाट चिंचपोकळीस जाते व दुसऱ्याची परळला. पहिल्यास वाटेतही घोट घोट पाणी पाजीत न्यावयाचे. दुसऱ्याच्या पोटात काहीही जाऊ द्यावयाचे नाही. यांत उलटापालट झाली, पहिल्यास उपाशी व तहानेले ठेवले आणि दुसऱ्यास पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल पाजले, तर दोघांच्याही जिवावर बेतते. खेड्यात ही दोन रुग्णालये हाकेच्या अंतरावर नसतात. तेथे सकाळी अकरा वाजता मूल कळवळू लागले की त्याच्याजवळ असणारा पहिला जाणता माणूस म्हणजे शिक्षक. रोगाचे निदान करणे हे त्याचे काम नव्हे. परंतु हे पोट कोणत्या वाटेचे आहे, हा पहिला निर्णय पुष्कळदा त्यालाच घ्यावा लागतो. त्यासाठी पोटाच्या रचनेचे जेवढे ज्ञान आवश्यक आहे तेवढे या लेखात दिले आहे.

१. उदरपोकळी व तिची चौकट

पोट हा शब्द आपण सैलपणे वापरतो. शरीरशास्त्रात उदरपोकळीस निश्चित सीमा आहेत. वरच्या बाजूस श्वासपटल हा घुमटाच्या आकाराचा स्नायूचा पडदा, खाली कटीच्या हाडांची परात, मागे पाठीचा कणा व जाड स्नायू, पुढे व दोन्ही कुशींना स्नायूंचे थर. या पोकळीस आतून एक पातळ, ओलसर व गुळगुळीत अस्तर असते. त्यास पर्युदर म्हणतात. हेच अस्तर आतील इंद्रियांवरही पसरलेले असते. त्यामुळे आतडी एकमेकांवर घासली न जाता सरकतात.

श्वासपटलाचा घुमट बराच वर चढलेला असल्यामुळे यकृत, जठर व प्लीहा (पाणथरी) यांचा मोठा भाग बरगड्यांच्या आड राहतो. म्हणून झाडावरून पडून किंवा सायकलची मूठ लागून डाव्या बरगड्यांवर मार बसला, तर कातडीवर ओरखडाही नसताना आत प्लीहा फाटून रक्तस्राव होऊ शकतो. असे मूल काही वेळाने फिकट पडले, त्यास घाम सुटला किंवा त्याचे पोट अथवा डावा खांदा दुखू लागला, तर ते “मारापुरते दुखणे” समजू नये. तत्काळ रुग्णालयात न्यावे.

फळ्यावर पोटाची आकृती काढून तीवर दोन उभ्या व दोन आडव्या रेषा ओढाव्या. फुली-गोळ्याच्या खेळाची चौकट तयार होईल. वैद्यही उदराचे असेच नऊ भाग पाडतात. आकृती आपल्याकडे तोंड करून असते. त्यामुळे तिची उजवी बाजू ती आपली डावी, हे मुलांना आधी सांगावे. मग घरे भरावी :

वरची ओळ : उजवीकडे यकृत व पित्ताशय, मध्ये जठराचा मोठा भाग व त्यामागे स्वादुपिंड, डावीकडे प्लीहा व जठराचा उरलेला भाग.

मधली ओळ : मध्ये, बेंबीभोवती, लहान आतड्याची वेटोळी, दोन्ही कुशींत मोठ्या आतड्याचे उभे भाग व पाठीकडे मूत्रपिंडे.

खालची ओळ : उजवीकडे मोठ्या आतड्याचा आरंभ, म्हणजे उंडुक, व त्यास लोंबणारे आंत्रपुच्छ, मध्ये ओटीपोटात मूत्राशय, डावीकडे मोठ्या आतड्याचा शेवटचा वळणदार भाग.

२. अन्नाची वाट

प्रौढ माणसात अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. ती श्वासपटलातून उतरून जठरात उघडते. जठरात अन्न घुसळले जाते. त्यापुढचा सुमारे २५ सेंटिमीटरचा भाग ग्रहणी. येथे यकृताचे पित्त व स्वादुपिंडाचा पाचक रस येऊन मिळतो. त्यानंतर लहान आतड्याची लांब वेटोळी व शेवटी सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे. लहान आतड्याची एकूण लांबी प्रौढात सुमारे सहा मीटर भरते.

सहा मीटर लांबीची ही नळी गुंता न होता राहते कशी? तिला पाठीमागच्या भिंतीशी पर्युदराची पंख्यासारखी घडी बांधून ठेवते. ही घडी भिंतीला ज्या रेषेवर चिकटते ती जेमतेम १५ सेंटिमीटरची असते. लांबलचक लुगडे निऱ्या घालून कमरेशी वितीएवढ्या जागेत खोचावे, तशीच ही योजना आहे. याच घडीतून आतड्यास रक्त पोचते. क्वचित आतड्याचे वेटोळे या घडीभोवती पीळ खाते. मग रक्त तुटते व काही तासांत तो भाग मरू लागतो. पोटदुखीत वेळेला एवढे महत्त्व का, याचे हे एक कारण.

लहान आतड्याची आतली बाजू मखमलीसारखी असते. तिच्या बारीक अंकुरांमुळे अन्नरस शोषणारा पृष्ठभाग पुष्कळ वाढतो. तो टेनिसच्या मैदानाएवढा असतो असे जुन्या पुस्तकांत वाचावयास मिळते. २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या मोजमापानुसार तो सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे आपल्या एखाद्या लहान वर्गखोलीएवढा, ठरतो. जुना आकडा पाठात असल्यास दुरुस्त करून घ्यावा.

३. दुखते एकीकडे, कळते दुसरीकडे

आंत्रपुच्छ, ज्यास व्यवहारात अपेंडिक्स म्हणतात, ही उंडुकाला चिकटलेली, एका टोकाशी बंद असलेली, बोटाएवढी नळी. तिचे तोंड चोंदले की आत दाब वाढतो, सूज येते व पुढे पू होतो. ही नळी उजवीकडे खाली असते. परंतु दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते. असे का व्हावे?

गिरणगावाच्या जुन्या दिवसांतील एक गोष्ट घेऊ. कोकणातील व घाटावरील एकेका गावचे अनेक कामगार चाळीतील एकाच खोलीत बिऱ्हाड करून राहत. गावाकडची बातमी त्या खोलीवर आली की ती अमुक गावची आहे हे सर्वांना समजे. परंतु नेमकी कोणाच्या घरची, हे लगेच उमगत नसे. आतील इंद्रियांच्या संवेदनांचे असेच आहे. लहान आतडे, उंडुक व आंत्रपुच्छ यांच्या नसा मज्जारज्जूत ज्या ठिकाणी पोचतात, त्याच ठिकाणी बेंबीभोवतालच्या कातडीच्या नसाही येतात. मेंदूला सामाईक पत्ता तेवढा कळतो. म्हणून मूल बेंबीवर तळहात फिरवते. पुढे काही तासांनी सूज बाहेर येऊन पर्युदराला लागते. पर्युदराच्या नसा मात्र प्रत्येक जागेचा नेमका पत्ता सांगणाऱ्या असतात. तेव्हा दुखणे उजवीकडे खाली सरकते व मूल एका बोटाने जागा दाखविते. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून बेंबीपर्यंत रेषा कल्पिली, तर हाडापासून एकतृतीयांश अंतरावर ही जागा येते. न्यूयॉर्कचे शल्यवैद्य चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली तिचे वर्णन केले व ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

दुखणे बेंबीपाशी होते ते खाली सरकले, याचा अर्थ ते “उतरले” असा घरची माणसे करतात. प्रत्यक्षात ते पुढच्या पायरीवर गेलेले असते.

सामाईक पत्त्याची आणखी दोन उदाहरणे शिक्षकाने ध्यानात ठेवावी. मुलग्याचे वृषण गर्भावस्थेत पोटातच तयार होऊन खाली उतरतात व आपल्या नसा बरोबर नेतात. त्यांस पीळ पडला तर मुलगा “पोट दुखते” असेच सांगतो. लाजेमुळे अधिक बोलत नाही. सुमारे सहा तासांच्या आत उपचार न झाल्यास ते इंद्रिय गमावण्याचा धोका असतो. म्हणून शिक्षकाने एकांतात, पण सरळ शब्दांत, “खाली कोठे दुखते किंवा सुजले आहे काय?” असे विचारावे. दुसरे उदाहरण फुप्फुसाचे. त्याच्या तळाशी न्यूमोनिया झाल्यास लहान मूल पोटच दुखते असे सांगते. अशा वेळी ताप व भरभर चालणारा श्वास यांवरून संशय घ्यावा.

४. कळ, मुरडा, जळजळ, ठणका

दुखण्याचे प्रकार सांगणारे शब्द आपल्या भाषेत विपुल आहेत आणि त्यांतील पुष्कळ शरीररचनेशी जुळतात. येते व जाते ती कळ : पोकळ नळी आकुंचन पावून आतील अडथळा ढकलू पाहते तेव्हा अशी कळ उठते. शौचाच्या वेळी पिळवटून येतो तो मुरडा : त्यात आव किंवा रक्त असल्यास मोठ्या आतड्याचा दाह समजावा. वरच्या मधल्या घरात, छातीकडे चढणारी जळजळ बहुधा जठर व अन्ननलिका यांची असते. थांबत नाही, हालचालीने वाढतो, तो ठणका : सूज पर्युदरापर्यंत पोचल्याची ती खूण असू शकते. मुलाने वापरलेला शब्द बदलू नये. तो जसाच्या तसा लिहून डॉक्टरांस कळवावा.

५. चिंचपोकळीच्या वाटेचे पोट

पटकीचे जंतू लहान आतड्याची भिंत खात नाहीत. ते तिच्यावर बसून विष सोडतात व त्या विषाने भिंतीतून पाणी व क्षार आतड्यात वाहू लागतात. हे विष कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले. या रोगात आतड्याची एक सोय शाबूत राहते : साखर व मीठ योग्य प्रमाणात एकत्र आले की ती दोन्ही आत शोषली जातात व त्यांच्यामागून पाणीही जाते. जलसंजीवनीचे सर्व सामर्थ्य या एका गोष्टीत आहे. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपत आले असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी तोंडाने पाजले व पटकीने होणारे मृत्यू सुमारे ३.६ टक्क्यांवर आणले.

म्हणून पातळ जुलाब होणाऱ्या मुलास पाणी बंद करणे ही घातक चूक होय. जलसंजीवनीचे (ओ. आर. एस.) एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात घालावे, अर्धे पाकीट पेल्यात ढवळू नये. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सपाट भरलेले सहा लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट घोट द्यावे. तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. डोळे खोल गेले, तोंड कोरडे पडले, लघवी थांबली, चिमटीत धरलेली कातडी हळूहळू पूर्ववत होऊ लागली, मूल गुंगू लागले किंवा शौचात रक्त दिसले, तर पाणी पाजीत पाजीतच दवाखाना गाठावा. मात्र गुंगीमुळे मूल नीट गिळत नसल्यास बळेच तोंडात ओतू नये.

विषमज्वराचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील लसिकाग्रंथींत घर करतात. उपचार न झाल्यास, विशेषतः तिसऱ्या आठवड्यात, तेथील व्रण फुटून आतड्यास भोक पडू शकते. बरेच दिवस ताप असलेल्या मुलाचे पोट एकाएकी फार दुखू लागून ताठ झाले, तर चिंचपोकळीच्या वाटेचे पोट परळच्या वाटेला लागले असे समजावे. काविळीत दुखणे उजवीकडे वर, यकृताच्या घरात असते. भूक मरते, लघवी गडद होते व डोळे पिवळे दिसतात.

६. परळच्या वाटेचे पोट

पुढील खुणांपैकी एखादीही दिसल्यास पोट शस्त्रक्रियेचे असू शकते, असे धरून चालावे :

(अ) बेंबीभोवतीचे दुखणे उजवीकडे खाली सरकणे.
(आ) आधी दुखणे व मागून उलटी. साध्या अतिसारात बहुधा उलटी आधी येते.
(इ) मूल वाकून चालणे. खोकताना किंवा एका पायावर उडी मारताना कळ येणे.
(ई) हिरवी उलटी, फुगलेले पोट, शौच व वारा बंद होणे. जंतांचा पुंजका आतड्यात अडकूनही असे होते.
(उ) जांघेत दुखरी, मागे न जाणारी गाठ.
(ऊ) पोट फळीसारखे ताठ होणे.

अशा मुलास अन्न, दूध, चहा, चूर्ण, एरंडेल किंवा कोणतीही गोळी देऊ नये. तहान लागल्यास ओठ ओले करावे. पोट शेकू नये, चोळू नये. जुलाबाच्या औषधाने आतडे जोराने आकुंचन पावते व सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याची भीती वाढते. ते फुटले की पू पर्युदरात पसरतो. एक सावधानता आणखी : आंत्रपुच्छ कधी कधी खाली ओटीपोटात लोंबते, तेव्हा थोडे पातळ जुलाबही होतात. लहान मुलांत तर खुणा अस्पष्ट असतात व ते लवकर फुटते. म्हणून जुलाब आहेत एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. सतत वाढणारे दुखणे डॉक्टरांनी पाहिलेच पाहिजे.

७. शाळेत काय करावे

(१) मुलास शांत जागी निजवावे व एका बोटाने दुखण्याची जागा दाखविण्यास सांगावे. पोट स्वतः दाबून पाहू नये. मुलीची विचारपूस शक्यतो शिक्षिकेने करावी.
(२) पाच प्रश्न विचारावे : कोठे? केव्हापासून? कसे? उलटी-शौच कशी? चालता येते काय?
(३) उत्तरे वेळेसह कागदावर लिहावी. तासाभराने पुन्हा विचारून दुसरी नोंद करावी. मात्र वरील खुणांपैकी एखादी दिसत असल्यास तेवढेही थांबू नये.
(४) पालकांस बोलवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.
(५) नोंदीची चिठ्ठी मुलाबरोबर पाठवावी.

ही चिठ्ठी क्षुल्लक मानू नये. “सकाळी ११ : बेंबीभोवती कळ. दुपारी १२ : एक उलटी. दुपारी ३ : उजवीकडे खाली ठणका, वाकून चालतो.” एवढ्या तीन ओळींत दुखण्याचा सर्व प्रवास येतो. डॉक्टरांस मूल सायंकाळी दिसते. सकाळ केवळ शिक्षकाने पाहिलेली असते.

सर्वांत कठीण काम पालकांचे मन वळविण्याचे. “उद्या पाहू,” “नजर लागली असेल,” “तिकडे नेले की कापतात,” अशी उत्तरे येतील. त्यांचा राग मानू नये. १८९६ च्या ऑक्टोबरात चिंचपोकळीच्या याच रुग्णालयावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला होता. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती त्यांच्या मनात बसली होती. भीती हुकमाने जात नाही. ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाच्या शब्दाने जाते. गावात तो माणूस पुष्कळदा शिक्षक असतो. त्याने पालकांबरोबर दवाखान्यापर्यंत जावे. निदान मुलाचे कपडे बांधून होईपर्यंत तरी दारात उभे राहावे.

वर्गपाठ व स्वाध्याय

१. सहा मीटर सुतळी घेऊन एका टोकापासून निऱ्यांसारख्या घड्या घालीत वितीएवढ्या काठीला बांधा. आतड्याची रचना मुलांना यावरून समजावून द्या.
२. नऊ घरांची चौकट मुलांकडून काढून घ्या. इंद्रियांची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या योग्य घरात ठेवण्याचा खेळ घ्या.
३. पोटदुखीसाठी तुमच्या गावात वापरले जाणारे शब्द जमवा. प्रत्येक शब्द येऊन-जाऊन होणाऱ्या दुखण्याचा आहे की सततच्या, ते ठरवा.
४. एका मुलास दोन उलट्या झाल्या, नंतर चार पातळ जुलाब. पोटात मधून मधून कळ. दुसऱ्यास सकाळपासून बेंबीजवळ दुखते, आता उजवीकडे, एक उलटी, उडी मारवत नाही. कोणास काय द्याल, काय देणार नाही, आणि दोघांच्या चिठ्ठ्या कशा लिहाल?
५. आपल्या शाळेपासून प्राथमिक आरोग्य केंद्र व शस्त्रक्रियेची सोय असलेले जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, रात्री तेथे पोचण्यास किती वेळ लागतो, हे प्रत्यक्ष चौकशी करून शाळेच्या फलकावर लिहा. हा प्रश्न प्रथम सोडवावा.